समाजवादोत्तर समाजांचे अध्यासन : विषय संपला, की आता सुरू झाला?

सोव्हिएत संघात इंजिनिअर व्हायचे असो, डॉक्टर व्हायचे असो की पियानोवादक, 'राजकीय अर्थशास्त्रा'च्या परीक्षेतून सुटका नव्हती. उच्च शिक्षणाच्या जवळपास प्रत्येक संस्थेत या विषयाचा स्वतंत्र विभाग असे. १९५४ साली निघालेल्या अधिकृत पाठ्यपुस्तकाच्या खर्ड्यांवर तर खुद्द स्टालिनने हात फिरवला होता. पुढे नव्या आवृत्त्या आल्या, नवी पुस्तके आली, पण सांगणे तेच राहिले : भांडवलशाही जाणार, समाजवाद येणार आणि एकदा आलेला समाजवाद परत जाणार नाही. डिसेंबर १९९१ मध्ये तो राज्यासकट गेला. विभाग मात्र राहिले. अनेक ठिकाणी दारावरची पाटी बदलून 'आर्थिक सिद्धान्त विभाग' अशी झाली. १९९२ मध्ये मॅकॉनेल आणि ब्रू यांच्या अमेरिकन पाठ्यपुस्तकाचे रशियन भाषांतर आले आणि काल वरकड मूल्य शिकवणारे प्राध्यापक आज मागणी-पुरवठ्याच्या रेषा काढू लागले.

या प्राध्यापकांना हसणे सोपे आहे. पण त्याच वर्षी त्यांच्या पगाराची किंमत महिन्यागणिक वितळत होती आणि आयुष्यभराची बचत एका हिवाळ्यात संपली होती. फळ्यावरचा विषय त्यांच्या घरात शिरला होता. समाजवादोत्तर समाजांच्या राजकीय अर्थकारणाची अध्यासने पुढच्या काळात युरोप-अमेरिकेत निघाली, त्यांचा इतिहास या वर्गखोल्यांपासून सुरू होतो असे मला वाटते. बदललेल्या समाजांचा अभ्यास करणारी ही विद्याशाखा स्वतः त्या बदलाच्या घुसळणीतून निघालेली आहे. आज बर्लिनची भिंत पडून पस्तीस वर्षे उलटून गेल्यावर तिच्याबद्दल दोन टोकाची मते ऐकू येतात. एक म्हणते, संक्रमण संपले, दुकान बंद करा. दुसरे म्हणते, खरा विषय आत्ता कुठे हाती लागतो आहे. मी दुसऱ्या पक्षाचा आहे. मात्र या शाखेने पहिल्या दहा वर्षांत जे शिकवले, त्यातले बरेच टाकून द्यावे लागेल असेही माझे मत आहे.

पूर्व जर्मनीत अध्यासनांची उलथापालथ सर्वांत उघडपणे झाली. डिसेंबर १९९० मध्ये बर्लिनच्या शासनाने हुम्बोल्ट विद्यापीठातले अर्थशास्त्र, कायदा, इतिहास, तत्त्वज्ञान आणि शिक्षणशास्त्र हे विभाग गुंडाळून नव्याने उभारायचा निर्णय घेतला. तोट्यातला कारखाना बंद करताना जो शब्द वापरतात, तोच तिथे विभागांसाठी वापरला गेला. नव्या जागांवर पुष्कळ ठिकाणी पश्चिमेकडचे प्राध्यापक आले. पोलंडच्या सीमेवर, ओडर नदीकाठच्या फ्रांकफुर्टमध्ये, १९९१ साली 'विआद्रिना' हे विद्यापीठ स्थापन झाले. नदीच्या दोन्ही तीरांचा अभ्यास तिथे व्हावा, अशी कल्पना होती. त्याच वर्षी जॉर्ज सोरोस यांच्या पैशातून सेंट्रल युरोपियन युनिव्हर्सिटी निघाली आणि पुढे बुडापेस्टमध्ये स्थिरावली. मॉस्कोत १९९२ मध्ये न्यू इकॉनॉमिक स्कूल आणि हायर स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स या दोन संस्था उभ्या राहिल्या. दोन वर्षांच्या आत एका अख्ख्या विद्याशाखेचा नकाशा नव्याने काढला गेला.

ब्रिटन-अमेरिकेतल्या जुन्या सोव्हिएत-अभ्यासकांची पंचाईत वेगळी होती. त्यांचा विषयच नाहीसा झाला, आणि तो नाहीसा होणार हे त्यांच्यातल्या बहुतेकांनी सांगितले नव्हते. ग्लासगोहून १९४९ पासून निघणाऱ्या 'सोव्हिएत स्टडीज' या नियतकालिकाने १९९३ मध्ये 'युरोप-एशिया स्टडीज' असे नाव घेतले. या अभ्यासकांना रशियन येत होते, नियोजन मंडळाच्या आकड्यांमागच्या लटपटी ठाऊक होत्या, कारखान्याचा संचालक मंत्रालयाला कसा फसवतो हे कळत होते. नेमके हेच ज्ञान नव्वदच्या दशकात बाजूला पडले. विमानाने उतरणाऱ्या सल्लागारांना त्याची गरज वाटली नाही. त्यांच्या मते कुठे जायचे ते ठरलेले होते. प्रश्न फक्त वेगाचा होता.

नियोजन की बाजार, या वादाची मुळे मात्र फार जुनी आहेत. नियोजित अर्थव्यवस्थेत उत्पादन साधनांना बाजारभाव नसेल तर हिशेबच करता येणार नाही, असे लुडविग फॉन मिझेस यांनी १९२० मध्ये मांडले. १९३० च्या दशकाच्या मध्यावर पोलिश अर्थतज्ज्ञ ओस्कर लांगे यांनी उत्तर दिले की नियोजन मंडळ स्वतःच बाजारासारखे भाव चाचपडत ठरवू शकेल. हा वाद कागदावर कुणी जिंकला यावर अजून लिहिले जाते. प्रत्यक्षात काय घडते, हे मात्र आतून पाहणारा माणूस हंगेरीत होता.

यानोश कोर्नाय (१९२८-२०२१) यांच्याशिवाय हा विषय शिकवता येत नाही. तरुणपणी पक्षाच्या वृत्तपत्रात अर्थविषयक लिखाण करणारा हा माणूस १९५० च्या दशकात मोहभंग होऊन संशोधनाकडे वळला. १९८० साली त्यांचा टंचाईच्या अर्थशास्त्रावरचा ग्रंथ आला. समाजवादी देशांतल्या रांगा ही कुणाची चूक किंवा लबाडी नसून व्यवस्थेचा स्वभाव आहे, हे त्यांनी त्यात दाखवले. त्यांची मध्यवर्ती कल्पना अशी : तोट्यात गेलेल्या कारखान्याला सरकार कधीच बुडू देत नाही. अनुदान, करमाफी, नवे कर्ज, वाढवून दिलेला भाव, काही ना काही मिळतेच. संचालकाला हे पक्के ठाऊक असते, म्हणून तो खर्चाकडे पाहत नाही, मिळेल तितका कच्चा माल आणि मिळतील तितकी माणसे साठवतो. सगळेच असे करू लागले की देशभर सगळ्याचीच टंचाई होते. याला त्यांनी 'मऊ अंदाजपत्रकी बंधन' म्हटले. राज्य सरकारच्या थकहमीवर वर्षानुवर्षे तग धरणारे सहकारी साखर कारखाने पाहिलेल्या मराठी वाचकाला हे फार समजावून सांगावे लागणार नाही.

या कल्पनेची ताकद अशी की ती समाजवादाबरोबर मेली नाही. २००८ साली अमेरिकेने बँका वाचवल्या तेव्हाही अर्थतज्ज्ञांना कोर्नाय आठवले. या शाखेने मुख्य प्रवाहातल्या अर्थशास्त्राला दिलेली ही सर्वांत मोठी देणगी असावी.

आता १९८९ नंतरच्या दशकाकडे येऊ. इथे थोडे थांबावे लागेल, कारण सर्व भांडणे इथलीच आहेत.

पोलंडमध्ये १ जानेवारी १९९० रोजी अर्थमंत्री लेशेक बाल्त्सेरोविच यांचा कार्यक्रम लागू झाला. बहुतेक किमती एका दिवसात मोकळ्या, अनुदानांना कात्री, चलन परिवर्तनीय, आयात खुली. जेफ्री सॅक्स हे त्यांचे गाजलेले परदेशी सल्लागार. पहिली दोन वर्षे उत्पादन घसरले, बेकारी वाढली. १९९२ पासून वाढ सुरू झाली आणि दशकाच्या मध्यावर पोलंडने १९८९ ची पातळी ओलांडली. 'धक्का-उपचार' चालतो, याचा पुरावा म्हणून पोलंडकडे बोट दाखवले जाते. हे बोट अर्धवट दाखवलेले आहे. पोलंडने किमती एका रात्रीत सोडल्या हे खरे, पण मोठे कारखाने विकायला त्याने बरीच वर्षे घेतली. कामगार संघटना बलवान होत्या, संसदेत भांडणे होत होती आणि सामूहिक खासगीकरणाची योजना १९९५ च्या सुमारास कशीबशी मार्गी लागली. शेतीचे सामूहिकीकरण तिथे कधीच पुरे झाले नव्हते. सुमारे तीन-चतुर्थांश जमीन शेतकऱ्यांच्याच हाती होती. १९९१ मध्ये पाश्चात्त्य सरकारांनी पोलंडचे निम्मे कर्ज माफ केले. शिवाय युरोपीय संघाचे दार समोर उघडे होते. एवढ्या सगळ्या गोष्टींतून फक्त वेग उचलायचा आणि त्याचा सिद्धान्त करायचा, ही त्या काळातल्या पाठ्यपुस्तकांची करामत होती.

खासगीकरणाच्या बाबतीत रशियाने नेमके उलटे केले. २ जानेवारी १९९२ रोजी येगोर गैदार यांच्या सरकारने किमती मोकळ्या केल्या. वर्षभरात भाव सुमारे २६ पट झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून प्रत्येक नागरिकाला दहा हजार रूबल दर्शनी किमतीचे एक कुपन मिळू लागले. त्यातून कारखान्याचे समभाग घ्यायचे. अनातोली चुबाइस यांच्या देखरेखीखाली सुमारे पंधरा कोटी लोकांना अशी कुपने वाटली गेली. कागदावर जगातली सर्वांत लोकशाही मालकी-वाटणी. पगार थकलेल्या माणसाने कुपन मेट्रो स्थानकाबाहेर विकले, कुणी गुंतवणूक फंडाच्या जाहिरातीला भुलून दिले, आणि कारखान्यात काम करणाऱ्यांचे समभाग संचालकांनी हळूहळू गोळा केले. दोन वर्षांत बहुतेक उद्योग 'खासगी' झाले. मालक पुष्कळदा तोच, जो काल संचालक होता. फरक एवढाच की आता त्याच्या डोक्यावर मंत्रालयही नव्हते.

तरीही तेल, निकेल, धातू यांतले खरे घबाड सरकारकडे होते. त्याची वाटणी १९९५ च्या शरद ऋतूत झाली. सरकारला पैसा हवा होता, पुढच्या वर्षी निवडणूक होती आणि राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन यांची लोकप्रियता तळाला गेली होती. बँकांनी सरकारला कर्ज द्यायचे, तारण म्हणून मोठ्या कंपन्यांचे समभाग घ्यायचे. सरकारने कर्ज फेडले नाही तर समभाग विकायचे. सरकार फेडणार नाही हे सर्वांना ठाऊक होते. जगातल्या सर्वांत मोठ्या निकेल उत्पादक कंपन्यांपैकी एक असलेल्या नोरिल्स्क निकेलचा ३८ टक्के हिस्सा सुमारे १७ कोटी डॉलरवर गेला. लिलाव भरवणारी बँक आणि लिलाव जिंकणारी बँक एकच होती.

हे सर्व चालू असताना सैद्धान्तिक पातळीवर एक भाबडी अपेक्षा बाळगली जात होती. मालमत्ता कोणाच्याही हाती जावो, एकदा ती खासगी झाली की मालकाला कायदा, न्यायालये, करार पाळणारी नोकरशाही हवी वाटेल आणि तोच सुधारणांचा रक्षक बनेल. जोएल हेलमन यांनी १९९८ मध्ये एका निबंधात हे गृहीत उलथून टाकले. सुधारणांना खरा धोका सुरुवातीला हरलेल्यांकडून, म्हणजे बेकार कामगार आणि पेन्शनरांकडून आहे, असे आधी सगळे धरून चालले होते. हेलमन यांनी दाखवले की धोका सुरुवातीला जिंकलेल्यांकडून आहे. स्वस्तात तेल घेऊन जागतिक भावात विकणाऱ्याला, सरकारी पैसा बिनव्याजी फिरवणाऱ्या बँकेला, अर्धवट सुधारणाच हव्या असतात; पूर्ण झाल्या तर त्यांचा नफा आटतो. माझ्या मते या विद्याशाखेतला हा सर्वांत महत्त्वाचा निबंध आहे. इथे अर्थशास्त्र पुन्हा राजकीय अर्थशास्त्र झाले.

सल्लागारांच्या नैतिकतेचा प्रश्नही टाळता येत नाही. रशियातल्या सुधारणांसाठी अमेरिकन सरकारच्या पैशातून चालणाऱ्या हार्वर्डच्या प्रकल्पातल्या लोकांनी तिथेच खासगी गुंतवणूक केली, असा दावा अमेरिकन सरकारने लावला होता. २००५ मध्ये हार्वर्डने २ कोटी ६५ लाख डॉलर भरून तडजोड केली. लंडनमध्ये १९९१ साली निघालेल्या युरोपीय पुनर्रचना व विकास बँकेने सुरुवातीच्या काळात वाटलेल्या कर्जापेक्षा स्वतःवरच अधिक खर्च केल्याचे १९९३ मध्ये उघडकीस आले. मुख्यालयाच्या संगमरवराची चर्चा झाली आणि अध्यक्ष जाक आताली यांना जावे लागले. मऊ अंदाजपत्रक फक्त मॉस्कोतच होते असे नाही.

चेक प्रजासत्ताकातही वात्स्लाव क्लाउस यांनी कुपन-खासगीकरण केले. तिथे फंडांचे व्यवस्थापक कंपनीच्या पोटात बोगदा खणून मालमत्ता दुसरीकडे नेत. बाहेरून कंपनी शाबूत, आतून पोकळ. पूर्व जर्मनीत हाच प्रश्न ट्रॉयहँड या सरकारी विश्वस्त संस्थेकडे होता. साडेआठ हजारांच्या आसपास उद्योग, चाळीस लाख कामगार. १ जुलै १९९० रोजी पूर्वेकडचे पगार एकास एक दराने पश्चिम जर्मन मार्कांत बदलले आणि उत्पादकता तिथेच राहिली. तिथल्या मालाला गिऱ्हाईक उरले नाही. संस्थेचे प्रमुख डेटलेव्ह रोहवेडर यांचा १ एप्रिल १९९१ रोजी खून झाला. १९९४ अखेर संस्था बंद झाली तेव्हा नफ्याऐवजी अडीचशे अब्ज मार्कांहून मोठा तोटा हिशेबात उरला. त्या राज्यांतले आजचे राजकारण ट्रॉयहँड वगळून समजत नाही.

किंमत किती मोजली गेली? इथे आकडे भांडू लागतात. सोव्हिएत काळातले उत्पादन फुगवून सांगितलेले होते. कुणालाही नको असलेले रणगाडे आणि न चालणारे बूट त्यात मोजले होते. त्यामुळे नव्वदच्या दशकात रशियाचे उत्पादन सुमारे चाळीस टक्क्यांनी आणि युक्रेनचे निम्म्याहून अधिक घसरले, तेव्हा त्यातली काही घसरण निव्वळ कागदी होती, हा युक्तिवाद अगदीच खोटा नाही. पण माणसांचे मृत्यू कागदी नसतात. रशियन पुरुषाचे सरासरी आयुर्मान १९९० मध्ये ६४ वर्षांच्या आसपास होते, ते १९९४ मध्ये ५८ च्या खाली आले. युद्ध नाही, दुष्काळ नाही, साथ नाही. डेव्हिड स्टकलर, लॉरेन्स किंग आणि मार्टिन मॅकी यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिले की जिथे सामूहिक खासगीकरण वेगाने झाले तिथे मृत्यू अधिक वाढले. इतर अभ्यासकांनी तीच आकडेवारी तपासून हरकत घेतली. आणखी काहींनी गोर्बाचेव्ह यांच्या १९८५ च्या दारूविरोधी मोहिमेकडे बोट दाखवले : तेव्हा वाचलेले लोक मोहीम ढिली पडल्यावर मेले. मला हा वाद सुटला असे वाटत नाही. नोकरी गेलेला माणूस का पितो, हा प्रश्न दोन्ही बाजूंना लागू आहेच.

लोकांनी आपला निवाडा पायांनी दिला. १९८९ च्या सुमारास बल्गेरियाची लोकसंख्या ९० लाखांच्या घरात होती, २०२१ च्या जनगणनेत ती ६५ लाख भरली. लॅटव्हिया २६-२७ लाखांवरून १९ लाखांच्या खाली गेला. हे दोन्ही देश युरोपीय संघात आहेत आणि अहवालांच्या भाषेत यशस्वी आहेत.

अर्थतज्ज्ञ आलेख काढत असताना मानववंशशास्त्रज्ञ गावांत बसले होते, आणि या शाखेतली वाचनीय पुस्तके मुख्यतः त्यांची आहेत. कॅथरीन व्हर्डरी यांनी ट्रान्सिल्व्हेनियातल्या एका गावात जमीन-परतीचा अभ्यास केला. रोमानियाने १९९१ च्या कायद्याने सामूहिक शेती मोडून जुन्या मालकांना जमीन परत द्यायचे ठरवले. पण जुने बांध नांगरून गेले होते, ओढ्यांनी वाटा बदलल्या होत्या, नोंदी अर्धवट होत्या, आणि मोजणी ज्यांच्या हाती होती त्यांचे नातेवाईकही गावातच होते. कागदावर हेक्टर मिळाला, जमिनीवर सापडेना; सापडला तरी ट्रॅक्टर नव्हता. सातबारा आणि ताबा यांच्यातले अंतर ज्याला माहीत आहे त्याने व्हर्डरी यांचे पुस्तक वाचावे. अलेना लेदेनेवा यांनी सोव्हिएत काळातल्या ओळखी-पाळखीच्या अर्थव्यवस्थेवर लिहिले. पैशापेक्षा कुणाला फोन करता येतो याला तिथे मोल होते, आणि बाजार आल्यावर त्या ओळखींचेच भांडवल झाले.

चीनचा प्रश्न वेगळ्या जातीचा आहे. सप्टेंबर १९८५ मध्ये यांगत्से नदीवर 'बाशान' नावाच्या जहाजावर एक परिषद भरली. चिनी अर्थतज्ज्ञांसोबत त्या जहाजावर कोर्नाय होते, ऑक्सफर्डला स्थायिक झालेले पोलिश निर्वासित व्लोजिमियेझ ब्रूस होते आणि अमेरिकेचे जेम्स टोबिन होते. चीनने यातून पुष्कळ ऐकले आणि थोडेच घेतले. एकाच मालाला दोन भाव ठेवले : कोट्यापुरता सरकारी, वरच्या उत्पादनाला बाजारभाव. कोटा गोठवला, बाजार वाढू दिला. बॅरी नॉटन यांच्या वर्णनानुसार अर्थव्यवस्था वाढत वाढत नियोजनाबाहेर पडली. १९८८ मध्ये सर्व किमती एकदम सोडायची घोषणा होताच लोकांनी दुकाने रिकामी केली आणि सरकारने पाऊल मागे घेतले. इझाबेला वेबर यांच्या २०२१ च्या पुस्तकाने हा सगळा वाद अभिलेखांतून पुन्हा उभा केला. त्यांच्यावर आक्षेप असा की चीन मुख्यतः शेतकऱ्यांचा देश होता, रशिया आधीच कारखान्यांचा. तुलना सरळ नाही. आक्षेप रास्त आहे. पण 'पर्याय नव्हता' हे नव्वदच्या दशकातले पालुपद चीन आणि व्हिएतनाम समोर असताना कसे म्हटले गेले, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. कोर्नाय यांना मात्र शेवटी चीनबद्दल पश्चात्ताप झाला. २०१९ मध्ये त्यांनी लिहिले की ज्या राजवटीला आम्ही बाजाराची संजीवनी दिली तिच्या आजच्या रूपाची नैतिक जबाबदारी आमच्यासारख्या सल्लागारांवरही येते.

२००४ मध्ये आठ माजी समाजवादी देश युरोपीय संघात गेले, तेव्हा पुष्कळांनी ग्रंथ मिटला. उरले वर्गीकरण. डोरोथी बोहले आणि बेला ग्रेश्कोविच यांनी २०१२ मध्ये बाल्टिक देशांची कोरडी नवउदारता, पोलंड-हंगेरी-चेक गटाची सामाजिक खर्चाने मऊ केलेली नवउदारता आणि स्लोव्हेनियाची वाटाघाटींवर चालणारी व्यवस्था असे प्रकार मांडले. स्कोडा फोक्सवॅगनची झाली, हंगेरीत ग्यॉर येथे ऑडीची इंजिने बनू लागली, बँका बहुतांशी परदेशी मालकीच्या झाल्या. निर्णय दुसरीकडे, जुळणी इथे. याला काही अभ्यासक परावलंबी बाजार-अर्थव्यवस्था म्हणतात, आणि ते नाव बरोबर आहे.

मग ग्रंथ पुन्हा उघडावा लागला. २०१० मध्ये व्हिक्टर ओर्बान सत्तेवर परतले आणि हंगेरीत कंत्राटे, जमीन, प्रसारमाध्यमे मर्जीतल्या लोकांकडे वळू लागली. माजी शिक्षणमंत्री आणि समाजशास्त्रज्ञ बालिंत मॉज्यार यांनी याला 'माफिया-राज्य' म्हटले : इथे राज्य श्रीमंतांच्या ताब्यात नसून श्रीमंत कोण व्हावे हे राज्य ठरवते. रशियात हा धडा ऑक्टोबर २००३ मध्येच मिळाला होता, युकोस या तेल कंपनीचे मालक मिखाइल खोदोरकोव्स्की यांना अटक झाली तेव्हा. मालमत्ता मिळवणाऱ्यांनी कायदा मागितला नव्हता. ती टिकवायची वेळ आली तेव्हा कायदा नव्हता. २०२३ च्या जुलैत दानोन आणि कार्ल्सबर्ग यांच्या रशियन कंपन्या सरकारी आदेशाने 'तात्पुरत्या' ताब्यात गेल्या. तीस वर्षांनी प्रश्न पुन्हा तोच : मालक कोण, आणि किती दिवस?

अध्यासनांनाही तीच झळ लागली. बेलारूसमधले युरोपियन ह्युमॅनिटीज विद्यापीठ २००४ मध्ये बंद पाडले गेले आणि ते व्हिल्नियसला गेले. न्यू इकॉनॉमिक स्कूलचे प्रमुख सर्गेई गुरियेव यांना २०१३ मध्ये रशिया सोडावा लागला. सेंट पीटर्सबर्गच्या युरोपियन युनिव्हर्सिटीचा परवाना २०१७ मध्ये गेला आणि पुढच्या वर्षी परत मिळाला. हंगेरीने त्याच २०१७ मध्ये केलेल्या कायद्यामुळे सेंट्रल युरोपियन युनिव्हर्सिटीला व्हिएन्नाला जावे लागले; तो कायदा युरोपीय न्यायालयाने २०२० मध्ये बेकायदा ठरवला, पण विद्यापीठ परत आले नाही. ज्या देशांत या विषयाची सर्वाधिक गरज आहे, तिथेच तो शिकवणे अवघड होत गेले.

भूगोलज्ञ मार्टिन म्युलर यांनी २०१९ मध्ये 'समाजवादोत्तर' या कल्पनेलाच निरोप द्यावा असे सुचवले. १९८९ नंतर जन्मलेल्या माणसाला किती काळ त्याच्या आजोबांच्या राज्यव्यवस्थेवरून ओळखायचे, हा त्यांचा सवाल योग्य आहे. पण नाव सोडताना प्रश्न सुटू नयेत. शरद चारी आणि कॅथरीन व्हर्डरी यांनी २००९ मध्ये वेगळी वाट दाखवली होती : वसाहतोत्तर आणि समाजवादोत्तर समाजांचा विचार एकत्र करा.

ही वाट भारताला नवी नाही. लांगे १९५० च्या दशकात संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून कोलकात्याला आले होते. नंतर पोलिश अर्थतज्ज्ञ मिखाऊ कालेत्स्कीही येऊन गेले. सरकारी क्षेत्र आणि खालच्या मध्यमवर्गाच्या आधाराने चालणाऱ्या 'मध्यस्थ राजवटीं'ची जी कल्पना कालेत्स्की यांनी मांडली, तिच्यावर के. एन. राज यांनी १९७३ मध्ये पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत काळे स्मृती व्याख्यान दिले. मुंबई विद्यापीठातल्या सोव्हिएत अभ्यास केंद्राचे पुढे मध्य युरेशियाई अभ्यास केंद्र झाले आणि तिथून आर. जी. गिडधुबली यांनी वर्षानुवर्षे रशियन अर्थव्यवस्थेवर लिहिले. रुपया-रूबल व्यापार कोसळला आणि १९९३ च्या जानेवारीत येल्त्सिन दिल्लीत आले तेव्हा जुन्या कर्जाचा हिशेब नव्या दराने लावावा लागला. तेव्हा या ज्ञानाचा उपयोग काय, हे विचारायची गरज नव्हती.

तर अध्यासन हवे, पण तीन अटींवर. शिकवणाऱ्याला त्या प्रदेशाची एक तरी भाषा नीट यावी. नव्वदच्या दशकाने भाषा न येणाऱ्या तज्ज्ञांची किंमत दाखवून दिली आहे. संक्रमणाचे गुणपत्रक भरण्यापेक्षा मालमत्तेच्या नोंदी, लिलावांचे कागद आणि न्यायालयीन निवाडे वाचायला त्याने शिकवावे. आणि चीन, व्हिएतनामबरोबरच आपल्याकडच्या सार्वजनिक उद्योगांची विक्री, सहकाराची थकहमी आणि विमानतळ-बंदरांची कंत्राटे हेही त्याच अभ्यासक्रमात यावे.

पुण्यात हे उद्या सुरू होऊ शकते. रशियन शिकवणारा विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आहे, आणि तिथून गोखले संस्था चालत जाण्याच्या अंतरावर आहे. दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना एका वर्गात बसवायला नव्या इमारतीची गरज नाही. दोन संस्थांनी एक अभ्यासक्रम मान्य केला तरी पुरे.